तीन पाण्यांतून

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की मावशींनी उगाच तमाशा केला. तमाशा मी केला, पण उगाच नाही केला.

आमची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट दुसऱ्यापर्यंतच जाते. का, ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. तिथे मी सव्वीस वर्षं पेशी सांभाळते. आतड्याच्या पेशी. आपल्या आतड्याच्या अस्तरात शंभरातली एखादीच पेशी अशी असते, जी आलेलं अन्न बघते आणि रक्तात हार्मोन सोडते. त्या हार्मोनचा अर्थ एवढाच, की पोट भरलं, आता हात आवरा. त्या जातीच्या पेशी आम्ही तळहातात मावेल एवढ्या डिशमध्ये वाढवतो. त्यांना सदतीस अंशांची ऊब लागते, दिवसाआड ताजं खाणं लागतं, सुट्टी-बिट्टी त्यांना कळत नाही. पोटच्या पोरांना कधी वेळेवर जेवायला घातलं नसेल, यांना घातलंय.

तर आमच्याकडे पीएचडी करणारी एक पोरगी आहे. सगळे तिला चिमटा म्हणतात. पहिल्याच दिवशी अंबाड्यात प्रयोगशाळेचा चिमटा खोचून हिंडत होती, आणि मी अर्धा दिवस तोच चिमटा शोधत होते. हुशार आहे, पण धांदरट. चहा करायला ठेवते आणि कप हातात घेऊन कप शोधते.

तिचं म्हणणं असं होतं, की या पेशी नुसतं अन्नच बघत नाहीत, तर नसांचंही ऐकतात. नसा ज्या रसायनांतून निरोप देतात, त्यातलं एक सेरोटोनिन. ते ओळखणारे रिसेप्टर आपल्या पेशींच्या अंगावर आहेत, हे तिला दाखवायचं होतं. रिसेप्टर म्हणजे काय, असं आमच्या ह्यांनी मला एकदा जेवताना विचारलं. मी म्हटलं, "दारावरची बेल समजा. बाहेरून कोणी दाबली की आतल्याला कळतं आणि तो उठतो." ह्यांना पटलं. तसं ह्यांना जेवताना सगळंच पटतं.

बेल वाजली हे बघायचं कसं? पेशींत आधी एक रंग भरायचा. मग वरून सेरोटोनिनचा थेंब सोडायचा. पेशी जागी झाली, की मायक्रोस्कोपखाली हिरवी उजळते. पहिली डिश उजळली तेव्हा चिमटाने मला अशी मिठी मारली की माझा चष्मा पाण्याच्या टबात पडला. दुसरी डिश उजळली नाही. तिसरी उजळली. चौथी, पाचवी ठार गप्प. असं करत करत चाळीस डिश झाल्या, त्यातल्या एकोणीस बोलल्या आणि एकवीस मुक्या. विज्ञानात अशा निकालाला काही किंमत नसते. नाणं उडवलं तरी एवढं मिळतं.

आमचे सर मोठे विद्वान, पण बोलायला कंजूष. सगळ्याला "हं" म्हणतात. त्या हं-चे सात प्रकार आहेत आणि ते ओळखायला मला चार वर्षं लागली. पहिला, ऐकलं. दुसरा, ऐकलं नाही. तिसरा, चहा आणा. असं करत सातवा म्हणजे, पुरे झालं, बंद करा. चिमटाचे आकडे बघून सरांनी साडेसहावा काढला.

"शुक्रवारी बाहेरून परीक्षक बाई येतायत," ते म्हणाले. "त्यांच्यासमोर डिश उजळल्या तर प्रकरण ठेवू. नाहीतर काढून टाकू."

प्रकरण काढलं तर प्रबंधात उरतं काय? प्रस्तावना आणि आभार. नवीन विषय घ्यायला चिमटाकडे वेळ नव्हता. विद्यापीठाने दिलेली मुदत दोन महिन्यांत संपत होती, आणि आधीच एकदा वाढवून घेतली होती. म्हणजे शुक्रवारी पेशी बोलल्या तर पदवी, नाहीतर पाच वर्षं पाण्यात.

सोमवारी पोरगी शहाणपणाने वागली. सगळ्या चाळीस डिशचा तक्ता केला. कुठल्या दिवशी, कुठल्या बाटलीतलं खाणं, कोणाच्या हातची तयारी. आणि तक्त्यातून बाहेर काय पडलं? बोललेल्या एकोणीसही डिश माझ्या हातच्या. मुक्या एकवीसही तिच्या हातच्या.

मला वाटलं, कोणीतरी आता म्हणेल की मावशींच्या हाताला गुण आहे. सर म्हणाले, "हं. मावशी, तुम्ही हाताला क्रीम वगैरे लावता का?"

"हातमोजे घालते," मी म्हटलं.

"हं. तसं नाही. कधीकधी माणूस मायेपोटी... म्हणजे पोरीचं बरं व्हावं म्हणून..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

ते वाक्य मला पुरं ऐकू आलं. मी डिशमध्ये काहीतरी घालते, असं त्यांना म्हणायचं होतं. सव्वीस वर्षं! माझ्या हातून एका डिशला कधी बुरशी लागली नाही, आणि हा माणूस मला भेसळ करणारी म्हणतोय! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी दोन्ही मोजे काढले, त्यांच्या टेबलावर त्यांच्या समोर ठेवले आणि म्हटलं, "आजपासून या पोरीच्या डिशला माझं बोट लागणार नाही. मग बघू तुमच्या पेशी काय बोलतात ते."

आणि दार आपटलं. ते दार आपटत नाही खरं तर, त्याला हळू मिटवणारा दांडा बसवलाय. म्हणून मी उभी राहून ते हळूहळू मिटेपर्यंत वाट बघितली, मग गेले.

मंगळवारी चिमटाच्या चार डिश मुक्या. बुधवारी सहा मुक्या. गुरुवारी ती दुपारी शीतखोलीत जाऊन रडली. तिथे मशीनच्या घरघरीत कोणाला ऐकू जात नाही, असं सगळ्या विद्यार्थ्यांना वाटतं. जातं. मी बाहेर बाटल्या पुसत होते. राग माझा सरांवर आणि भोगतेय ही! लाज वाटली मला. पण आता मी हात लावला आणि डिश उजळली, तर सर म्हणणार, बघा, म्हटलं नव्हतं? हात लावला तरी पंचाईत, नाही लावला तरी पंचाईत.

ती डोळे पुसत बाहेर आली तेव्हा मी म्हटलं, "वही आण तुझी."

तिची वही आणि माझी वही शेजारी शेजारी ठेवून आम्ही ओळ न् ओळ ताडून बघितली. रंग भरला, तिचं तसंच, माझं तसंच. अर्धा तास ठेवलं, दोघींचं तेच. पेशी धुऊन घेतल्या, दोघींचं अक्षरशः तेच. थेंब सोडला. कुठे काना-मात्रेचा फरक नाही. बाटल्या त्याच, इन्क्युबेटर तोच.

"मग खरंच तुमच्या हातात काहीतरी असणार, मावशी," ती म्हणाली. रडवेली होती, पण वर हसलीही.

"हो, संधिवात आहे," मी म्हटलं.

आता आमच्या घरचं सांगते. विषयांतर नाही, ऐका. आमचे हे रेल्वे स्टेशनवर घोषणा करायचे. तीस वर्षं गाड्यांच्या वेळा मोठ्याने आणि दोनदा सांगितल्या. निवृत्त झाले, पण आवाज निवृत्त झाला नाही. दिवाणखान्यात बसल्या जागेवरून हाका. "अगं, ऐकलंस का! अगं, चष्मा! अगं, हे बघ पेपरात काय आलंय!" दिवसाला चाळीस हाका. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी प्रत्येक हाकेला उठून जायची. मग दहातल्या एका हाकेला. पुढे पुढे मला ती हाक ऐकूच येईना. म्हणजे कानावर पडायची, आत पोचायची नाही. पंखा चालू असतो, तशी ती चालू असायची.

त्या सोमवारी ह्यांचा घसा बसला. डॉक्टरांनी चार दिवस तोंड उघडायला सक्त बंदी केली. घरात अशी शांतता, की शेजारीण विचारायला आली, सगळं बरं आहे ना. हे पाटीवर लिहून दाखवत होते. "मीठ कमी." "मीठ जास्त." पाटीवर लिहिलेलं वाचायला मी रिकामी नव्हते.

डिशला हात लावायचा नव्हता, म्हणून सातला जायची घाई नव्हती; शुक्रवारी सकाळी मी स्वयंपाकघरात पालेभाजी धूत होते. जीव थाऱ्यावर नव्हता, अकराला परीक्षक बाई येणार होत्या. पहिलं पाणी ओतलं, माती गेली. दुसरं ओतलं. तिसरं पाणी भांड्यात घेतलं आणि तेवढ्यात दिवाणखान्यातून बारीकशी, चिरकी हाक आली.

"अगं."

मी भाजी टाकून धावले! ओल्या हातांनी, कोपरापासून पाणी ठिबकतंय, तशी. वाटलं, पडले की काय. हे खुर्चीत मजेत बसलेले.

"एका हाकेत आलीस?" ह्यांनाच धक्का बसला. "वीस वर्षांत पहिल्यांदा!"

"चार दिवस गप्प होतात म्हणून ऐकू आलं," मी म्हटलं. "एरवी तुम्ही बेलवरचं बोट काढता कुठे!"

आणि मी तिथेच थांबले. हातातून पाणी पायावर पडत होतं. बेलवरचं बोट. सतत दाबलेली बेल. मी स्वयंपाकघरात परत गेले आणि त्या तिसऱ्या पाण्यातल्या भाजीकडे बघितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! भाजी तशीच सोडली, पायात चप्पल सरकवली आणि बस पकडली.

बसमधून चिमटाला फोन लावला. गर्दी होती, पण मला धीर कुठला! मी ओरडूनच विचारलं, "पेशींच्या खाण्यात सिरम घालतो ना आपण? रक्त गोठलं की वर जे पाणी राहतं ते? त्यात सेरोटोनिन असतं का गं?"

पलीकडून हळूच आवाज आला, "असतं, मावशी. रक्त गोठताना प्लेटलेटमधून सुटतं. थोडंसंच असतं."

"थोडंसं का होईना! रात्रंदिवस बेल वाजतेच आहे ना त्यांची! तू रंग भरल्यावर पेशी किती वेळा धुतेस?"

"एकदा. कृतीत लिहिलंय ना, धुऊन घ्या. तुम्ही?"

"तीन पाण्यांतून काढते."

"तीन? हे कुठे लिहिलंय?"

"हे कोणी लिहितं का? धुणं म्हणजे तीन पाणी. एका पाण्यातून काढणं म्हणजे विसळणं. तुझ्या आईने तुला एवढंही सांगितलं नाही?"

"आणि दोन पाण्यांच्या मध्ये ठेवता किती वेळ?"

"बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून होईपर्यंत. पाच मिनिटं धर. तोवर बिचाऱ्या जरा शांत बसतात."

शेजारच्या सीटवरची बाई मघापासून कान देऊन ऐकत होती. ती म्हणाली, "तीन पाण्यांतूनच काढावं. आमच्याकडे चार." मी म्हटलं, तुमचं बरोबर आहे, आणि उतरले.

सगळं सोपं होतं, म्हणून कोणाला दिसलं नाही. सकाळी सातला येऊन मी डिश तयार करते, तेव्हा बघायला कोणी नसतं. आणि ती कृती जुनी, साखरेच्या प्रयोगासाठी कोणीतरी लिहिलेली. साखरेला एक पाणी पुरायचं, कारण ती बेल वेगळी. सेरोटोनिनच्या बेलवरचं बोट एका पाण्याने सुटत नव्हतं. सिरमचा अंश मागे राहायचा, पेशी आधीच कंटाळून कान मिटून बसलेल्या, आणि वरून चिमटाचा थेंब. चाळीस हाकांनंतरची एकेचाळिसावी हाक! कोण उठतंय?

परीक्षक बाई अकराच्या ठोक्याला आल्या. उंचीने बारक्या, पिशवी केवढी, आणि तीन मजल्यांपैकी शेवटचा जिना चढून आल्याने जरा रागावलेल्या. चिमटा म्हणाली, "सर, मला कृती बदलायची आहे. एकाऐवजी तीन वेळा धुवायचं आहे." सरांनी सहावा हं काढला. परीक्षेच्या दिवशी कृती बदलायची नसते, असा त्याचा अर्थ. चिमटाचा चेहरा उतरला.

मला बोलायचा अधिकार नव्हता. मी बोलले.

"पोरीचं बरोबर आहे. सिरममधल्या सेरोटोनिनने पेशी बहिऱ्या झाल्यात. आधी शांत बसू द्या त्यांना, मग हाक मारा."

परीक्षक बाई वळल्या. "तुम्ही कोण?"

"मी पेशी धुते," मी म्हटलं. "आणि माझ्या हातांवर इथे संशय आहे, म्हणून मी आज हात लावणार नाही."

सर खिडकीबाहेर बघायला लागले. बाईंनी एकदा सरांकडे बघितलं, एकदा चिमटाकडे, मग बाह्या वर केल्या. "माझ्या हातांवर तर संशय नाही ना? तुम्ही सांगा, मी धुते."

अशी चार डिशवर आमची परीक्षा झाली. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी. पहिली डिश त्यांनी एकदाच धुतली. बाकीच्या तिन्ही डिश तीन खाऱ्या पाण्यांतून काढल्या, दर पाण्याला घड्याळ लावून पाच मिनिटं. दुसऱ्या डिशला बाईंनी पाणी थेट मधोमध ओतलं आणि मला राहवलं नाही.

"अहो बाई, डोक्यावर नका ओतू त्यांच्या! कडेने सोडा, कडेने!"

चिमटाने डोळे मिटून घेतले. मोठ्या विद्यापीठाच्या परीक्षकावर ओरडले होते मी. बाई म्हणाल्या, "बरं," आणि कडेने सोडलं. चांगली बाई आहे.

एकदा धुतलेल्या डिशवर चिमटाने थेंब सोडला. पडद्यावर अंधार. आम्ही सगळ्यांनी मनात साठपर्यंत मोजलं. काही नाही. मग तीन पाण्यांची पहिली. थेंब पडला. एक, दोन, तीन, चार... आणि कोपऱ्यातली एक पेशी हिरवी झाली. मग तिच्या शेजारची. मग एकदम सगळीकडे!

"थांबा," बाई म्हणाल्या. "तीनदा धुतल्याच्या धक्क्यानेच उजळत असतील तर? पुढच्या डिशवर नुसतं खारं पाणी सोडा."

सोडलं. अंधार. मग चिमटाने शेवटच्या डिशमध्ये आधी एक औषध घातलं, जे त्या रिसेप्टरला चिकटून बसतं. बेलवर चिकटपट्टी म्हणा ना. त्यावर सेरोटोनिन सोडलं, तर तिथेही अंधार. म्हणजे बेल होती, तीच होती, आणि नसांची हाक या पेशींना पोचत होती. बाईंनी चारही आकडे स्वतःच्या वहीत लिहिले, वही मिटली आणि म्हणाल्या, "प्रकरण राहू द्या. पण धुणं म्हणजे काय, ते नीट लिहा."

चिमटाने मला मिठी मारली. या वेळी चष्मा मी आधीच काढून ठेवला होता. रडलो दोघी, उघड रडलो, शीतखोलीत न जाता.

सर जवळ आले. हं म्हणतील असं वाटलं. ते म्हणाले, "मावशी, माझं चुकलं. तुमच्यावर संशय घेतला, तो मी घ्यायला नको होता." असं वाक्य मी त्यांच्या तोंडून सव्वीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

मी म्हटलं, "हं."

कुठला प्रकार, ते त्यांनी शोधावं.

संध्याकाळी सगळी हकिगत ह्यांना सांगितली. आपल्या हाकांमुळे विज्ञानाला मदत झाली, याचा ह्यांना आधी अभिमान वाटला. मग अर्थ लक्षात आला आणि जरा फुगले. म्हणाले, "म्हणजे वीस वर्षं मी भिंतीशी बोलत होतो?" आणि दुसऱ्या दिवसापासून हाका बंद. काही हवं असलं की स्वतः उठून यायचे, दारात उभे राहायचे, हळू आवाजात सांगायचे. मला आधी बरं वाटलं. मग आठवड्याभरात करमेना. पण सांगणार कशी?

चिमटाची शेवटची तोंडी परीक्षा दोन महिन्यांनी, शनिवारी झाली. बंद दाराआड असते ती, आणि शनिवारी मला सुट्टी. सकाळपासून फोन ओट्यावर ठेवून मी तीच तीच भांडी घासत होते. बाराला फोन वाजला.

"मावशी, झालं! मिळाली पदवी! आणि त्या प्रकरणात मी काय लिहिलंय, वाचून दाखवू? 'पेशी तीन पाण्यांतून काढल्या, प्रत्येक पाण्यात पाच मिनिटं ठेवल्या. ही पद्धत प्रयोगशाळेतल्या मावशींची.' परीक्षक बाईंनी ती ओळ मोठ्याने वाचली सगळ्यांपुढे!"

मी काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. फोन ठेवला आणि हे कोणाला तरी आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मी फुटेन असं वाटलं. हे आतल्या खोलीत, दार लोटून वाचत बसलेले. इतक्या वर्षांच्या संसारात हाका नेहमी ह्यांच्याच. मला कधी मारायची वेळच आली नव्हती.

"अहो!" मी हाक मारली.

आत खुर्ची पडल्याचा आवाज आला. एका पायात चप्पल, हातात पेपर, चष्मा कपाळावर, असे हे स्वयंपाकघराच्या दारात धावत येऊन उभे राहिले.

"काय झालं? काय झालं?"

"आमची पोरगी पास झाली," मी म्हटलं आणि पदराला नाही तर भांडी पुसायच्या फडक्यालाच डोळे पुसले.

"मग ओरडतेस काय एवढ्याने," हे धापा टाकत म्हणाले. "ऐकू येतं मला."